चूक कुणाची, लिहून द्या

इंग्रजीतून माफी मागणाऱ्यांचा मला मनापासून वैताग येतो. माझी मुलगी बारावीला होती त्या कॉलेजातल्या प्रिन्सिपॉलबाईंचं इंग्रजी फार गोड. मुलीचा परीक्षेचा फॉर्म कॉलेजनं बोर्डाकडे पाठवलाच नव्हता. बाई म्हणाल्या, फार 'अनफॉर्च्युनेट' आहे, 'कम्युनिकेशन गॅप' झाला, गैरसोयीबद्दल 'वी रिग्रेट'. अर्धा तास ऐकलं, पण त्यात चूक करणारा माणूस काही सापडेना. जणू फॉर्मच रुसून कपाटात जाऊन बसला होता.

बोर्डाचं म्हणणं सरळ होतं. चूक कॉलेजची आहे असं चार दिवसांत लेखी आणा, मुलीला बसवतो. नाहीतर वर्ष गेलं. बाईंनी दोन पानी इंग्रजी पत्र दिलं. त्यात सगळं होतं, फक्त चूक नव्हती. बोर्डातल्या साहेबांनी ते उलटसुलट वाचलं आणि परत केलं. माझं डोकं फिरलं.

मग मी कॉलेजच्या क्लार्कला गाठलं. जनवाड्याहून येणारा, कंत्राटावरचा माणूस. फॉर्म आठवडाभर सहीसाठी बाईंच्या टेबलावर पडून होता. सही होऊन आल्यावर यानं पाठवायचा, तो राहिला. "तुम्ही तरी खरं लिहून द्या," मी तडकून म्हणाले. त्यानं निमूट कागद ओढला. 'फॉर्म पाठवायचा मी विसरलो. चूक माझी आहे.' दोन ओळी लिहून खाली कॉलेजचा शिक्का मारला. तो कागद मीच धावत बोर्डात नेला.

मुलगी परीक्षेला बसली. पुढच्याच आठवड्यात क्लार्कला कामावरून काढलं. बाई मला हसून म्हणाल्या, "अकाउंटेबिलिटी फिक्स केली आहे."

मी जनवाड्याला त्याच्या घरी गेले. तो ओसरीवर बसला होता.

"बाईंचं नाव का नाही घातलंत?" मी विचारलं.

"कामून घालू अक्का? इसरलो तर मीच. आन् पोरीचं वर्ष जायलं व्हतं."

त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला. माझ्यामुळे तुमची नोकरी गेली, एवढंच म्हणायला मी आले होते. चहा संपला तरी ते तोंडातून निघेना.

"झालं ते फार वाईट झालं," मी म्हणाले, आणि चपला घातल्या.