सात खणांची डबी

"डोळे मिटा. समोर समुद्र आहे. लाटा ऐका," कोच म्हणाला.

आम्ही अकरा जण वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात, कॉन्फरन्स रूममध्ये सतरंजीवर बसलेलो. स्पीकरवर लाटा चालू होत्या. भिंतीपलीकडच्या गाळ्यात पत्रा कापायचं मशीन चालू होतं. मला मशीनच ऐकू येत होतं, आणि त्याचाच आधार वाटत होता. निदान तिकडे काहीतरी तयार होत होतं.

मी प्रॉडक्ट डिझायनर. प्लास्टिकच्या वस्तू कशा दिसाव्यात, कशा उघडाव्यात, हातात कशा बसाव्यात हे ठरवणं माझं काम. बादलीच्या कडीपासून औषधाच्या बाटलीच्या बुचापर्यंत सगळं केलंय. सव्वीस वर्षांत मला 'इन्स्पिरेशन'साठी कुणी जमिनीवर बसवलं नव्हतं.

कारण होतं पास्कल परेरांची डबी. परेरा आमचे जुने क्लायंट, मानपाड्याला त्यांचा कारखाना. औषधाच्या गोळ्या ठेवायची डबी ते बनवत: सात वारांचे सात खण, प्रत्येकाला रंगीत झाकण. ती मीच डिझाइन केलेली, टेबलावर बसून दोन दिवसांत. तेव्हा मला ती फार देखणी वाटलेली. आधी बरी खपली. मग दुकानदार परत पाठवायला लागले. परेरांनी आम्हाला महिन्याची मुदत दिली. नवीन डिझाइन पटलं नाही तर डबी बंद, आणि डबीच्या लाइनवर काम करणाऱ्या बायकाही घरी.

आमचा बॉस समीर. माझ्याहून बारा वर्षांनी लहान आणि उत्साही. त्याने यावर उपाय म्हणून हा क्रिएटिव्हिटी कोच आणला.

दुपारपर्यंत भिंत चिठ्ठ्यांनी भरली. कमळाच्या आकाराची डबी. वेळ झाली की गाणारी डबी. गोळी घेतली नाही तर परदेशातल्या मुलाला मेसेज करणारी डबी. कोच प्रत्येक चिठ्ठीला टाळ्या वाजवायचा. "देअर आर नो बॅड आयडियाज!" इतक्या बॅड आयडिया मी एका भिंतीवर कधी पाहिल्या नव्हत्या.

"मॅडम, तुमची चिठ्ठी?" त्याने विचारलं.

"परत आलेल्या डब्या कुठे आहेत?"

"आज प्रॉब्लेममध्ये अडकायचं नाही. आज फक्त शक्यतांमध्ये राहायचं."

"समीर, त्या डब्या कुणी पाहिल्यात का?"

"मॅडम, नंतर बघू ना. फ्लो तुटतो," समीर म्हणाला.

म्हणजे कुणीच पाहिल्या नव्हत्या. मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी मानपाड्याला गेले. स्टोअरकीपरने दोन खोकी समोर आणून ठेवली. बऱ्याच डब्यांच्या झाकणांच्या कडेला सुरीचे ओरखडे होते. काहींची झाकणं पार तुटलेली. एका डबीत घडी घातलेला कागद होता. 'सासूबाईंनी एकाच दिवशी दोन दिवसांच्या गोळ्या घेतल्या. बीपी उतरलं, पडल्या, मनगट मोडलं. आम्हाला ही डबी नको. रेश्मा भोईर, विठ्ठलवाडी.' खाली फोन नंबर.

"ही चिठ्ठी कुणी वाचली?" मी स्टोअरकीपरला विचारलं.

"मॅडम, आम्ही रिटर्न मोजतो. वाचत नाही."

मी तिथूनच फोन लावला. माफी मागितली, येऊ का विचारलं. रेश्मा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. "रविवारी या," म्हणाली. आवाजात राग होता, पण फोन ठेवला नाही.

रविवारी गेले. तिच्या सासूबाई, म्हणजे आजी, कॉटवर बसलेल्या. प्लास्टर निघालेलं, मनगट अजून सुजलेलं. मी माझ्या डबीबद्दल विचारलं.

"झाकन उघरत नाय बाय. म्हनून मी सगलीच सुरीनं उघरून ठेवली."

"मग आज कुठल्या खणातल्या घ्यायच्या, ते कसं कळायचं?"

"तेच तर. सून कामाव जाते, नातू शालंत. घरान मना सगले वार सारखेच."

आज कोणता वार आहे हे ज्याला पक्कं ठाऊक, त्याच्यासाठी मी डबी केलेली. तशा माणसाला डबी लागतेच कशाला? सकाळच्या गोळ्या घेतल्याचं आजी विसरल्या, शेजारच्या खणात गोळ्या दिसल्या, त्याही घेतल्या. माझ्या देखण्या डबीने त्यांना पाडलं होतं.

"आता गोळ्या कशा देतेस?" मी रेश्माला विचारलं.

तिने टेबलावरची स्टीलची वाटी दाखवली. "निघताना आजच्या गोळ्या हिच्यात टाकते. आईंनी घेतल्या की वाटी पालथी घालायची. पालथी दिसली म्हणजे झाल्या. बस्स."

"चुकत नाही?"

"पडल्यापासून एकदाही नाही."

एवढं ऐकून शहाण्या माणसाने वाटीच केली असती. मी डिझायनर. मी सरकतं झाकण केलं; सरकवलं की आत हिरवी पट्टी दिसायची. प्रोटोटाइप, म्हणजे साचा बनवण्याआधीचा एक नमुना, घेऊन पुढच्या रविवारी गेले. आजींनी अंगठ्याने जोर लावला. नमुना हातातून निसटला आणि गोळ्या कॉटखाली गेल्या. रेश्मा आणि मी गुडघ्यांवर बसून त्या शोधल्या.

"यापरीस वाटी बरी," आजी वरून म्हणाल्या.

मग मी मुकाट्याने वाटी केली. एका ट्रेमध्ये सात छोट्या वाट्या. वाटीला झाकण नाही, वाराचं नाव नाही. घरातल्या कुणीतरी आठवड्यातून एकदा भरायच्या, रोज एक बाहेर काढून ठेवायची, ट्रे कपाटात. काठ रुंद, म्हणजे दुखऱ्या बोटांनाही धरता येतो. बूड गडद पिवळं, म्हणजे पालथी घातली की दारातूनही दिसते. आजींनी ती घातली पालथी, केली सुलटी, पुन्हा घातली पालथी.

"चालंल," म्हणाल्या.

मुदतीच्या दोन दिवस आधी मी वाट्या परेरांसमोर मांडल्या.

"फारच साधं नाही का वाटत?" समीर म्हणाला. "वाव फॅक्टर कुठाय?"

परेरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एक वाटी उचलली, पालथी घातली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिथून बघितली. "माझी मम्मी हे वापरेल," म्हणाले. "साचा बनवायला टाका."

लाइन चालू राहिली. बायका कामावर राहिल्या. काही महिन्यांनी कोचने सोशल मीडियावर पिवळ्या वाटीचा फोटो टाकला: 'लाटांच्या आवाजात जन्मलेली एक कल्पना.' समीरने खाली कमेंटमध्ये हात जोडले आणि पुढच्या वर्षासाठी त्याला पुन्हा बुक केलं.

वाटीबरोबरच्या माहितीपत्रकावर रेश्माचं नाव घालू या, असं मी समीरला म्हटलेलं. "लीगलला विचारावं लागेल," तो म्हणाला. मी परेरांना सांगितलं. त्यांनी कुणालाच विचारलं नाही. 'कल्पना: रेश्मा भोईर' असं सरळ छापलं.

पहिला सेट मी स्वतः तिच्याकडे घेऊन गेले. तिने नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि हसली.

"यात कल्पना कसली, मॅडम? मला आठ वाजता लॅब उघडायची असते."

तेव्हापासून काही नवीन सुचवायचं असलं, की मी अशा माणसाच्या घरी जाऊन बसते ज्याला सकाळी वेळेत कामावर पोचायचं असतं. फक्त रविवारी जावं लागतं. बाकीच्या दिवशी त्यांना आपल्यासाठी वेळ नसतो.