कुंदाचे हात आणि माझा उशीर

बातमी आली तेव्हा मी मेट्रोत होतो आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात एक चमचा होता. कुंदाला, माझ्या बायकोला, निमोनियामुळे दवाखान्यात ठेवलं होतं. सहाव्या दिवशी ताप उतरला आणि डॉक्टर म्हणाले, आता थोडी खिचडी द्या. पण तिथल्या चमच्याची दांडी बारीक, तिच्या बोटांत ती ठरेना. मी भरवायला गेलो तर तिनं तोंड फिरवलं. "घरचा चमचा आणा. मी माझ्या हातानं खाईन." घरच्या चमच्याच्या दांडीवर तिनं जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळून ती अंगठ्याएवढी जाड केली होती. तो घेऊन मी परत निघालो. सीताबर्डीचं स्टेशन मागे पडलं आणि आमच्या रेणूचा फोन आला. आईच्या आजारपणासाठी ती पुण्याहून आली होती आणि दवाखान्यातच बसून होती. "बाबा, कुठवर आलात?" एवढंच म्हणाली आणि पुढे तिच्याच्यानं बोलवेना... मला कळलं. डबा जवळपास रिकामा होता, तरी मी शेवटपर्यंत उभाच राहिलो.

याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, बाईंनी फार सोसलं हो. खरं आहे. अठरा वर्षं संधिवात अंगावर वागवणं म्हणजे खायचं काम नाही. पण त्यातलं काही दुखणं रोगाचं होतं आणि काही माझं होतं, हे मला सांगून टाकायचं आहे. ती असती तर म्हणाली असती, "कशाले लिहून राहिले? लोकायले काय करायचं आपल्या घरचं?"

कुंदा दुपारच्या शाळेत शिकवायची. तिच्या बोटांचे सांधे सुजायला लागले तेव्हा ती चाळिशीतली होती. आधी आम्ही थंडीला दोष दिला, नागपूरची थंडी आहेच तशी हाडात शिरणारी. मग उन्हाळा आला तरी सूज उतरेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सोप्या शब्दांत सांगितलं, की शरीराचा राखणदारच घरच्यांवर काठी उगारतो, तसला हा प्रकार आहे. मुळासकट जात नाही, पण औषध सोडलं नाही आणि सांधे हलते ठेवले तर आटोक्यात राहतो. सकाळी हात आखडतील, तासभर, कधी दोन तास, मग हळूहळू मोकळे होतील, हेही ते म्हणाले होते. मी शेजारीच बसलो होतो. ऐकलं, पण डोक्यात काही शिरलं नाही.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात, कारकुनाची. कागदावर शिक्का दिसल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय घरीही यायची. सकाळी कुंदा दोन्ही हात मांडीवर ठेवून खाटेवर बसून राही. साधा लसूण सोलवत नाही म्हणे. आणि हीच बाई दुपारी शाळेत जाऊन फळाभर लिहून यायची! मला वाटे, शाळेसाठी हात चालतात आणि घरासाठी चालत नाहीत, हे कसं काय? असं मी एकदा बोलूनही दाखवलं. मे महिन्यात तर कहरच. बाहेर आग ओकणारं ऊन, सगळं नागपूर कूलरच्या तोंडाशी बसलेलं आणि ही मात्र लांब दाराजवळ. कूलरच्या दमट हवेनं बोटं वळत नाहीत म्हणायची. "नखरे आहेत," मी म्हणायचो. ती हसायची. त्या हसण्याला मी कबुली समजलो, यापरता मूर्खपणा नाही.

मग माझ्या भाच्याचं लग्न निघालं, रामटेकला, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी. ताईचं घर शेतीवाडीचं, माणसांनी भरलेलं. कासारीण टोपली मांडून बसली होती आणि घरातल्या बायका एकेक करून हिरव्या बांगड्या भरून घेत होत्या. कुंदा कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. ताईनं तिला हाक मारली, "अशी लंकेची पार्वती होऊन काहून बसली वं कुंदा? लग्नघरात सवाष्णीचे हात असे भुंडे असतात काय? बस इथं, भरून घे चुडा."

कुंदानं माझ्याकडे पाहिलं. मी दारातच उभा होतो. तिला फक्त माझं एक 'राहू दे' हवं होतं, हे आज मला लख्ख दिसतं. मी म्हणालो, "पाच मिनिटाचं तं काम आहे. घे ना भरून."

तिनं हात पुढे केला. कासारणीनं साबणाचं पाणी लावलं, "हात सैल सोड वं बाई," म्हणत सुजलेले सांधे दाबून एकेक बांगडी चढवली. कुंदानं दुसरा हातही पुढे केला. लग्नात सगळ्यांना वाढताना ती दिसत होती, हिरव्यागार हातांची. मी मनात म्हटलं, बघा, उगीच बाऊ करत होती.

दुसऱ्या दिवशी घरी आलो तोवर मनगटापर्यंत हात सुजून बांगड्या मांसात रुतल्या होत्या. काढता येईनात. शेवटी मी ओलं फडकं खाली सारून पकडीनं एकेक बांगडी वाढवली. फोडली असं म्हणायचं नसतं ना, नवरा जिवंत आहे तोवर! मी काचा गोळा करत होतो. कुंदा म्हणाली, "दुखणं दिसत नाही, हे मान्य हाय मले. पण मी सांगितल्यावरही तुम्हाले खरं वाटत नाही, त्याचं काय करू?"

त्या वेळी तिच्या दुखण्याला नऊ वर्षं झाली होती. मला कळायला एवढा वेळ लागला.

त्यानंतर मी तिच्याबरोबर उठायला लागलो. ती कोमट पाण्यात हात बुडवून बसे, मग अंगठ्याला एकेक बोट टेकवी. आधी तर्जनी टेके, करंगळी अगदी शेवटी, तीही कधी टेके, कधी अर्ध्यावर राही. मी नुसता बघायचो. तो तास डोळ्यांनी पाहिला तेव्हा समजलं, की ही बाई रोज आपले हात नव्यानं मिळवते आणि दुपारी शाळेत नेते. हात धरून उठवायचं नाही, कोपराखाली आधार द्यायचा, हे शिकलो. कणीक मळायला शिकलो, पोळ्या मात्र ती लाटायची, अकरानंतर, बसून. ब्लाउजचे हूक लावायला शिकलो, या वयात! ती म्हणायची, "कारकुनाची बोटं हायत, फाईल बांधल्यासारखे लावता."

पण माझं म्हणजे एक टोक नाही तर दुसरं टोक. नंतर मी तिच्या हातातून सगळंच हिसकावून घ्यायला लागलो, खडू सोडून. कपबशी उचलली की मी धावायचो. एक दिवस ती कडाडली, "आता पांगळी नका करू मले! मी म्हणीन तेव्हाच हात लावायचा." तेव्हापासून घरात हाच नियम झाला. ती म्हणेपर्यंत मी थांबायचो. थांबणं हे मदत करण्यापेक्षा अवघड असतं, आणि ते मला तिनं शिकवलं. ही शेवटची नऊ वर्षं आमच्या संसारातली सगळ्यात चांगली होती. आणखी थोडी मिळायला हवी होती... फार काही मागत नव्हतो मी.

दवाखान्यातून तिला शेवटचं घरी आणलं तेव्हा रामटेकहून ताई आली. रडून घेतलं आणि पिशवीतून हिरव्या बांगड्या काढल्या. सवाष्ण गेली, भरल्या हातानं जायला हवी. बायकांनी कुंदाचा उजवा हात उचलला. बांगडी सांध्यांपाशी अडली. कुणीतरी मागून म्हणालं, "दाब जराशी, आता काय दुखते तिले?"

बायकांच्या त्या कामात पुरुषानं बोलायचं नसतं. मी बाहेर ओसरीवर होतो. केव्हा आत गेलो ते आठवत नाही. म्हणालो, "थांबा. हात नाही दाबायचा."

"अरे भाऊ, भुंड्या हातानं धाडू का तिले? लोक काय म्हणतील?" ताई म्हणाली.

"ताई, तिले दुखते."

मी काय बोललो ते मलाही नंतर कळलं. ताईनं माझ्याकडे पाहिलं, मग प्रथमच कुंदाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन नीट पाहिला. एका बाजूला कललेली बोटं, वर आलेली गाठ. "एवढं होतं काय रे हे... मले कधी सांगितलं नाही हिनं." मी म्हणालो, "सांगितलं होतं ताई. आपल्याले ऐकू आलं नाही." ताईनं बांगड्या कुंदाच्या ओटीत ठेवल्या, पदरानं झाकल्या आणि तो हात बराच वेळ सोडला नाही.

रामटेकच्या त्या दारात मी हे बोललो असतो तर ते कुंदाच्या कानावर पडलं असतं. हे आता कुणाला सांगू?

तेरवी झाली. पुण्याला परतण्याआधी रेणूनं स्वयंपाकघर लख्ख केलं. तिला गाडीत बसवून मी घरी आलो, चहा टाकला आणि साखरेचा डबा घेतला. झाकण फिरेना. पोरीनं चांगलं आवळून बसवलं होतं. आमच्या घरात झाकणं कधी फिरवून लावलीच नाहीत, नुसती वर ठेवायची, म्हणजे कुंदाला कुणाला हाक मारावी लागू नये. साखरेत मुंग्या होत, पापड सादळत, चालायचं. मी गॅस बंद केला आणि साखर, चहापत्ती, डाळ, तिखट, लोणचं अशी सगळी झाकणं एकेक करून सैल केली.

रेणूचा रोज फोन येतो. "बाबा, झाकणं घट्ट लावता ना? मुंग्या होतील."

मी हो म्हणतो.