टाके किती पडले?

आमच्या गावात ऑपरेशन मोजतात ते टाक्यांवर. माझ्या थोरल्या चुलत्यांच्या फुप्फुसात पू झाला होता, तेव्हा त्यांना पाठीपासून छातीपर्यंत कापलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सदरा वर करून व्रण दाखवायचे. सहा महिने त्यांना कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही.

गेल्या वर्षी आईच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. जन्मात विडीला न शिवलेली बाई! पुण्याच्या डॉक्टरांनी बरगड्यांमध्ये तीन छोटी छिद्रं पाडली, कॅमेरा आत घातला आणि फुप्फुसाचा एक अख्खा भाग काढला. पाचव्या दिवशी घरी. "बाहेरून छोटं दिसतंय, आतून मोठंच आहे. दीड महिना वजन उचलायचं नाही," हे त्यांनी माझ्यासमोर वडिलांना दोनदा बजावलं.

बिस्किटपुडे घेऊन बाया आल्या. पहिला प्रश्न, "टाके किती पडले?" आईनं तीन बारक्या पट्ट्या दाखवल्या.

"एवढंच व्हय? मला वाटलं लई मोठं ऑपरेशन हाय!"

चुलते तर म्हणाले, "ह्याला काय ऑपरेशन म्हनायचं?"

मी भिंगारला राहते. पुढच्या रविवारी गावी गेले, तर आई गोठ्यातून दुधानं भरलेली किटली घेऊन येत होती. दर चार पावलांना थांबत होती, ओठ पांढरे पडले होते. वडील ओट्यावर चहा पीत बसलेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. किटली हिसकावली आणि नको नको ते बोलले.

"अगं, तीच उठली. जखम तर काईच न्हाई," वडील म्हणाले.

डोळ्यांना दिसेल तेवढंच यांचं दुखणं! आणि आई? मान खाली घालून म्हणाली, "मलाच लाज वाटती गं, नुसतं पडून ऱ्हायची."

मी तशीच मेडिकलमध्ये गेले, पट्टीच्या चार गुंडाळ्या आणल्या. पोलक्यावरूनच खांद्यापासून कमरेपर्यंत आईला गुंडाळलं, श्वासाला अडणार नाही इतपत सैल. वर आयोडीनचा डागही पाडला.

संध्याकाळी चुलते आले आणि दारातच थबकले. "तिला उठू देऊ नको रे," वडिलांना म्हणाले. वडील किटली उचलून गोठ्याकडे निघाले.

डॉक्टरांनी सगळी विद्या पणाला लावून लहान केलेली जखम मला मोठी करून दाखवावी लागली. त्याचा संताप अजून जात नाही. आई मात्र उशीला टेकली, पट्टीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "आता कसं, ऑपरेशन झाल्यासारखं वाटतंय."