कोंड्याची पेज आणि हिराची वाटी

"तुम्हाला डायबेटिस आहे, आणि तो आजचा नाही," असं अलिबागच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा माझा उजवा पाय स्टुलावर होता. चप्पल लागून अंगठ्याला जखम झालेली. दीड महिना ती सुकेना. मी नुसती हळद भरत बसलो होतो. तुम्ही तसं बसू नका.

बाईंनी एचबीएवनसी नावाची तपासणी केली. तीन महिन्यांत रक्तात साखर सरासरी किती राहिली ते त्यात कळतं. आदल्या दिवशी उपास करून तिला फसवता येत नाही. माझी साडेनऊ आली.

"गोळ्या चुकवायच्या नाहीत. वजन उतरवा, सकाळचं खाणं बदला. कोंड्यासकट अख्खं धान्य खा. तीन महिन्यांनी साखर उतरली नसेल तर इन्सुलिन." म्हणजे पोटाच्या कातडीत रोज टोचायची सुई.

माझी मुलगी सुमन बाजूलाच उभी. "मग बाबा, तुमाला माझ्याकडं पनवेललाच यावं लागंल. इथं सुई कोण टोचणार?"

रेवदंड्याच्या अलीकडे आमचं घर. माझी बायको हिरा आठ महिन्यांपूर्वी त्याच घरात गेली. तिचे डबे तिने लावले तसेच आहेत. मिठाच्या बरणीवर तिच्या हातची फडकी आहे. ते सोडून मी पनवेलला चौथ्या मजल्यावर जाऊन बसू? मनात म्हटलं, तीन महिने आहेत ना, बघतोच.

दुसऱ्या रविवारी सुमन एक खोका घेऊन आली. वर गव्हाच्या लोंब्यांचं चित्र, मोठ्या अक्षरांत मल्टिग्रेन. "दुधात टाकायचं आणि खायचं. डाएटवाले हेच खातात."

मी चौथी शिकलेला. पण तीस वर्षं भाताची गिरण चालवली आहे. दाण्याचं मला कोण शिकवणार? खोक्यातल्या मूठभर कुरकुरीत चकत्या पाण्यात टाकल्या. घटकाभरात त्यांची खळ झाली, पोस्टर चिकटवायला चालेल अशी. बोटांत चोळून बघितली. कोंड्याचा कण लागेना. जिभेला गोड.

"मागं काय लिवलंय ते वाच."

"लई बारीक हाय, बाबा."

"चष्मा लाव, पण वाच."

वाचता वाचता तिचा आवाज खाली गेला. पहिलं मक्याचं पीठ. दुसऱ्या नंबरला साखर. गव्हाचा कोंडा पार तळाला, मिठाच्या शेजारी. जे जास्त ते आधी लिहितात, हे तिनेच मला सांगितलं.

"तुमी गिरणवाले लई चिकित्सक," ती म्हणाली.

"आनि तुमी खोकेवाले लई भोळे."

खोका खोटा होता, पण मी तरी कुठला धुतल्या तांदळाचा? तीस वर्षं लोक म्हणायचे, आणखी पांढरा काढ, आणि मी दाणा घासून घासून काढायचो. सगळं सत्त्व कोंड्यात. तो म्हशींना जायचा. आमच्या गावच्या म्हशी माणसांपेक्षा धडधाकट राहिल्या त्या उगाच नाही.

मग मी तांबडा तांदूळ आणला, नुसतं तूस काढलेला, कोंडा अंगावर असलेला. जाडसर भरडला. त्यात नाचणी आणि मूठभर मुगाची डाळ. त्याची पेज, गूळ न घालता. पुढच्या वेळी सुमनने साधे ओट्स आणले. ते पाण्यात टाकून बघितले, कोंडा लागला, मागे साखर लिहिलेली नव्हती. ते मी ठेवून घेतले. सगळेच खोके चोर नसतात.

महिन्याने बाईंकडे जाऊन उपाशीपोटीची साखर बघितली. जेमतेम हलली होती. सुमन म्हणाली, "आता हट्ट पुरे. पिशवी भरते तुमची."

बाईंनी हात वर करून तिला थांबवलं. "आजोबा, सकाळी पेज किती घेता?"

"एक वाटी."

"एकच?"

मी भिंतीकडे बघितलं. मग म्हटलं, "एक माझी. एक हिराची."

गेलेल्या माणसाचा घास कावळ्याला ठेवतात, दहाव्याला, पितृपक्षात. मी रोज ठेवत होतो, तिच्या वाटीत, मागल्या दारी. आमचे कावळे बंदरावरच्या माशांपाशी पडून असतात, ते पेजेला कशाला येतील? अन्न टाकायचं नाही, ही हिराचीच शिकवण. म्हणून नऊ वाजले की तिची वाटी मी खायचो.

सुमनने तोंड फिरवलं. पदर डोळ्याला लावलेला दिसला मला.

"वाटी बंद करनार न्हाय," मी बाईंना सरळ सांगितलं. "इन्सुलिन द्या, काय पन द्या."

"वाटी बंद करा असं मी म्हटलंच नाही," बाई म्हणाल्या. "पेज एका वाटीची करा. तिला अर्धी, तुम्हाला अर्धी."

बस, एवढंच. औषधाच्या चिठ्ठीवर मावलं नसतं असं औषध.

तीन महिन्यांनी तीच तपासणी केली. सात आली. कमरेचा करगोटा सैल झाला. अंगठा सुकला. "सध्या इन्सुलिन नको, गोळ्या चालू," बाई म्हणाल्या. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर. त्यांनी खाणं मोजलं, पण माझ्या दुःखाला हात लावला नाही. सुमनने पनवेलचा विषय काढला नाही. जाताना नुसतं म्हणाली, "रविवारी येते. माझ्या वाट्याची पन पेज ठेवा."

ज्यांना हा आजार आहे त्यांना सांगतो. खोक्याचं चित्र बघू नका, मागचं वाचून घ्या. गोळी बंद करू नका. आणि डॉक्टरांनी किती खाता विचारलं, तर सगळ्या वाट्या सांगा. लाज वाटते ती वाटी आधी सांगा.

हिरा होती तेव्हा माझ्या ताटातली भाकरी मोडून अर्धी परत टोपलीत टाकायची. "पोट हाय का भात साठवायची कनगी?" म्हणायची. मी चिडायचो. आता रोज सकाळी पेज अर्धी करताना तीच माझा हात धरते. धरू दे. ह्या घरात तिचंच चालतं.