तिसऱ्यांदा विचारल्यावर

गालेयला चहा हवा असेल तर तो 'नको' म्हणतो. फारच हवा असेल तर दोनदा म्हणतो. समोरचा शहाणा असला की तिसऱ्यांदा विचारतो, मग गालेय दोन्ही हातांनी पेला धरतो आणि एका दमात संपवतो. यात त्याचा एकट्याचा दोष नाही. आमच्याकडे सगळेच असे. कुणी वाढायला आलं की तोंडावर हात धरून 'मेशू, मेशू' करायचं, म्हणजे पुरे, राहू दे, कशाला उगाच. आणि वाढणाऱ्यानं ते ऐकायचं नाही. पण बाकीच्यांचं हे ताटापुरतं असतं. गालेयच्या ते अंगातच भिनलेलं.

त्याचं लग्नसुद्धा त्यापायी वर्षभर लांबलं. आमच्यात लग्न ठरलं की मुलगा मुलीच्या घरी राहायला जातो. पेमच्या आईनं विचारलं होतं, "आमच्याकडे राहायला येतोस का?" जायला तो एका पायावर तयार होता, पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. तरी तोंडातून निघालं, "नको, तुम्हाला कशाला त्रास." त्या बाईला वाटलं, पोराच्या मनात नाही. पुढचा भात कापणीला येईपर्यंत कुणी विषय काढला नाही, आणि गालेय पारोच्या बाजारात तोंड पाडून फिरत राहिला. शेवटी पेमनंच रागारागानं विचारलं, "येतोस की नाही ते एकदा सांग," तेव्हा कुठे गंगेत घोडं न्हालं.

अशा माणसानं एकवीस वर्षं गाइडचं काम केलं आणि फार चांगलं केलं. पाहुणे पारोला उतरले की सात दिवस ते त्याचे. थिंफू, दोचुलाची खिंड, पुनाखाचा किल्ला, फोबजिखाचं खोरं, परत पारो आणि शेवटच्या दिवशी कड्यावरचा मठ. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला मिरची चालत नाही, सगळं त्याच्या ध्यानात. घोच्या, म्हणजे आमच्या गुडघ्यापर्यंतच्या अंगरख्याच्या, पोटाशी बटव्यासारखी जी घडी पडते, तिच्यात आल्याच्या वड्या, पट्ट्या, सुईदोरा, काय वाटेल ते निघायचं. एकच नियम तो प्राणपणानं पाळायचा: पाहुण्यांच्या वेळात स्वतःचं काम घुसडायचं नाही.

या नियमामुळे सहा वर्षं तो घरच्या लोचोला गेला नव्हता. लोचो म्हणजे घराची वर्षाची पूजा. भिक्षू येतात, दोन दिवस पोथ्या वाचतात, ढोल वाजतो, लेकीसुना-नातवंडं जिथं असतील तिथून घरी येतात. गालेयचं घर जिमसाखाला, फोबजिखाच्या रस्त्याच्या वर, चढणीवर. आणि पूजा नेमकी भात कापल्यावर, म्हणजे पाहुण्यांच्या ऐन गर्दीच्या दिवसांत. सहा वर्षांपूर्वी त्यानं आईला फोनवर विचारलं होतं, "हंगाम आहे गं. येऊ का?" आई म्हणाली, "नको रे, काम टाकून कशाला." तो म्हणाला, "बरं." पुढच्या वर्षी त्यानं विचारलंही नाही.

त्याऐवजी हॉर्न होता. जिमसाखाच्या खालच्या वळणावर गाडी आली की चालक चेन्चो तीनदा हॉर्न वाजवायचा. वर घराच्या सज्जात एक पांढरं फडकं हलायचं. बस, एवढीच भेट. चेन्चो वयानं मोठा. गालेय त्याला आचो म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ, आणि तो थोरल्या भावासारखाच टोचून बोलतो.

त्या वर्षी कार्तिकाच्या सुमाराला फिनलंडच्या दोन बहिणी आल्या होत्या. थोरली इर्मेली, उंच, कमी बोलणारी, चाळीस वर्षं टपाल कचेरीत काढलेली. धाकटी हेल्वी, पोरांना पोहायला शिकवायची, तिला सगळ्याचं हसू. पहिल्याच जेवणाला गालेयनं त्यांना 'मेशू'चा धडा दिला. "दोनदा नाही म्हणायचं, मॅडम. तिसऱ्यांदा घ्यायचं." हेल्वीनं तोंडावर हात धरून इतकं झकास 'मेशू' केलं की वाढणारी पोरगी खुदखुदली. इर्मेलीनं वहीत टिपून घेतलं.

मंगळवारी पुनाखाच्या किल्ल्यापाशी, लाकडी पुलावर, गालेयच्या बहिणीचा फोन आला. देमा आईजवळच राहते. ती म्हणाली, "लोचो परवा, गुरुवारी संपतोय. आई पावसाळ्यात शिडीवरून पडल्यापासून नीट चालत नाही. काल म्हणाली, यंदाची पूजा आपल्या हातानं होतेय, पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं. मी आपलं तुझ्या कानावर घातलं."

त्याचा चेहरा उतरला. इर्मेलीनं ते पाहिलं. "वाईट बातमी आहे का?"

त्यानं थोडक्यात सांगितलं. ती जरा विचार करून म्हणाली, "गुरुवारी आपण फोबजिखाहून परत येताना त्याच रस्त्यानं येणार ना? मग थांबू या. तुम्ही घरी जाऊन या. आम्हाला चालेल."

गालेयच्या काळजात लख्ख उजेड पडला. आणि तोंडातून निघालं, "नको नको, मॅडम. त्या दिवशी वांगदीचा किल्ला आहे तुमच्या कार्यक्रमात."

"बरं," इर्मेली म्हणाली आणि किल्ल्याच्या पायऱ्या चढायला लागली.

तिचंही काही चुकलं नव्हतं. तिच्या देशात माणूस नको म्हणाला की त्याला नको असतं, आणि पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्या खासगी गोष्टीत नाक खुपसणं. तिनं गालेयचा मानच राखला होता. गालेय मात्र दिवसभर तिच्या आजूबाजूला घोटाळत राहिला, ती दुसऱ्यांदा विचारेल म्हणून.

संध्याकाळी गाडी पुसता पुसता चेन्चोनं विचारलं, "त्या थोरल्या पाहुणीनं विचारलं म्हणे घरी जायचं?"

"विचारलं, आचो."

"मग?"

"नको म्हटलं."

"किती वेळा?"

"एकदाच. ती लगेच बरं म्हणाली."

चेन्चोनं विड्याची पिंक टाकली. "झालं! आता बस हॉर्न वाजवत. अरे, ती फिनलंडची आहे, तुझी सासू नाही."

"सासूनं तरी कुठं दुसऱ्यांदा विचारलं होतं!"

"तेच म्हणतोय. धडा शिकवतोस पाहुण्यांना, आणि नापास होतोस तू."

बुधवारी वर जाताना वळणावर तीनदा हॉर्न वाजला, फडकं हललं. हेल्वीनं विचारलं, "इतक्यांदा कशाला वाजवतात?" गालेयनं संधी साधली. या दिवसांत घरोघरी लोचो असतो, लांबलांबची माणसं घरी येतात, म्हाताऱ्या आया वाट बघतात, असं त्यानं चांगलं दहा मिनिटं रंगवून सांगितलं. इर्मेलीनं सगळं टिपून घेतलं. "फार छान माहिती," ती म्हणाली. चेन्चोला हसू दाबताना ठसका लागला.

फोबजिखाला थंडीचे करकोचे आले होते. दोघी बहिणी दुर्बीण लावून तासभर दलदलीकडे बघत बसल्या. एरवी त्या पाखरांकडे बघताना गालेयला कंटाळा म्हणून येत नसे. त्या दिवशी त्याला ती तिथल्या मठाभोवती घिरट्या घालून घरी जाणारी नातेवाईकमंडळी वाटली, आणि त्यांचा हेवा वाटला.

गुरुवारी सकाळी निघायच्या आधी त्यानं आईला फोन लावला.

"आई, दुपारी खालून जाणार आहे."

"बरं. हॉर्न वाजव हो."

"वर येऊ का?"

"नको रे. पाहुणे आहेत ना तुझे? काम आधी."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आतल्या खोलीत मुक्कामाच्या घरची यजमानीण लाल भात वाढत होती. हेल्वी तोंडावर हात धरून म्हणत होती, "मेशू, मेशू!" यजमानीण थांबली नाही. दुसऱ्यांदा हात आडवा आला, तरी थांबली नाही. हात बाजूला सारून तिनं भाताचा ढीग लावला आणि वर मिरचीचं चीज ओतलं. गालेय फोन हातात धरून दारातच उभा राहिला. आपण आताच जे 'बरं' म्हणालो, ते इर्मेलीचं 'बरं' होतं. तसंच, त्याच सुरात. तिला आपल्या रीती ठाऊक नव्हत्या. आपल्याला तर जन्मापासून ठाऊक आहेत. जगाच्या 'नको'मागचं त्याला कळायचं, आणि आईचं 'नको' त्यानं सहा वर्षं जसंच्या तसं धरलं होतं, कारण तेच सोयीचं होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. यजमानीण त्याला वाढायला आली तेव्हा तो 'नको' म्हणाला, आणि या वेळी ते खरंच 'नको' होतं.

वळण आलं. चेन्चोनं हॉर्नवर हात ठेवला.

"आचो, थांब. गाडी बाजूला घे."

गाडी थांबली. गालेय मागे वळला. किल्ल्यांच्या, राजांच्या, मठांच्या गोष्टी एका श्वासात सांगणारा हा माणूस, त्याची बोबडी वळली. "मॅडम, मला... मला घरी जायचं आहे. वर. आज. तुमचा वांगदीचा किल्ला कदाचित राहील. पण मला जायचं आहे."

एकवीस वर्षांत पाहुण्यांकडे स्वतःसाठी त्यानं काही मागितलं ते हे पहिलं.

इर्मेली गोंधळली. "मी मंगळवारी विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"ते पहिलं 'नाही' होतं, मॅडम."

मग हेल्वी जी हसत सुटली, ती डोळे पुसेपर्यंत. इर्मेलीनं वही उघडली, पहिल्या दिवशीचं पान काढून वाचलं आणि मिटली. "म्हणजे मी दोनदा कमी विचारलं," ती गंभीरपणे म्हणाली. "माफ करा. किल्ले मी आतापर्यंत तीन पाहिलेत. तुमचं घर एकही नाही. चला."

गाडी वर जात नाही. वीस मिनिटांची चढण. फापर नावाच्या डोंगरी धान्याच्या कापलेल्या शेतातून तिघं निघाली. चेन्चो गाडीजवळ थांबतो म्हणाला. गालेय म्हणाला, "चल ना, आचो." "नको रे, गाडी आहे." "चल." "मी काय करू तिथं?" "आचो, चल!" "बरं, आता इतकं म्हणतोस तर," असं म्हणत चेन्चो सगळ्यांच्या पुढे चालायला लागला.

घराच्या मागून ते आले. ढोलाचा आवाज येत होता, छपरावर मिरच्या लालभडक वाळत होत्या. आई सज्जात उभी होती, पाठमोरी, कठडा धरून. हातात पांढरं फडकं. खाली रस्त्यावर गाडी दिसत होती, पण हॉर्न वाजला नव्हता, म्हणून ती हलवावं की नको अशा विचारात फडकं नुसतंच धरून होती.

"आई."

ती सावकाश वळली. त्याला बघितलं, मागच्या दोन उंच परक्या बायकांना बघितलं. "काम टाकून कशाला आलास?" ती म्हणाली आणि फडक्यानं डोळे पुसले.

पुढचे तीन तास वांगदीचा किल्ला कुणाला आठवला नाही. भिक्षूंनी सगळ्यांना आशीर्वाद दिला, पेल्यात लोण्याचा चहा आला. जेवण वाढायला घेतलं तेव्हा इर्मेलीनं अगदी शिस्तीत, मोजून दोनदा नकार दिला आणि तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. देमानं तिला सुकं डुकराचं मांस इतकं वाढलं की तिनं बहिणीकडे मदतीसाठी बघितलं. हेल्वी आधीच जेवून आडवी झाली होती. फळीवरून देमानं गालेयचा जुना लाकडी वाडगा काढला. त्यावर धूळ नव्हती. "दर वर्षी आई भरते हा," देमा हळूच म्हणाली. "भरते, आणि संध्याकाळी मला खायला लावते." गालेयला तो वाडगा भरून मिळाला. त्यानं हात आडवा धरला नाही. सगळं खाल्लं, बोटं चाटली, पुन्हा मागितलं. आई समोर बसून बघत होती, आणि त्या दोन परक्या बायका, तो ढोल, तो पायांत गोळे आलेला चेन्चो, सगळ्यांबद्दल गालेयचं मन इतकं भरून आलं की आभार कुणाचे आधी मानावे ते त्याला कळेना. त्यानं उठून इर्मेलीला वाकून नमस्कार केला. तिनंही उठून, काय करावं न सुचून, त्याच्याशी हात मिळवला.

निघताना तो शिडीपाशी थांबला.

"आई, पुढच्या वर्षी येऊ?"

"नको रे, तुझा हंगाम असतो."

"येऊ का?"

"पायाखाली रस्ता वाईट, कशाला दगदग."

गालेय तिच्यापुढे खाली बसला, तिचे दोन्ही हात हातात घेतले. "आई, येऊ का मी?"

तिनं त्याचे हात घट्ट धरले.

"ये," ती म्हणाली. "आणि आदल्या दिवशीच ये. आजच्यासारखा ऐन जेवणाला टपकू नकोस."