हिमनदीवरचा धुरा

आसगावचा माणूस मिलच्या फाटकाशी सायकल टेकवून म्हणाला, "नामदेव गुरुजी गेले जी, सकाळीच." तुमसरच्या त्या गलक्यात मला सगळ्यात आधी जे वाटलं, त्याची आजही लाज वाटते... वाटलं, सुटलो, आता ते गुपित फक्त मलाच ठाऊक! रडू नंतर आलं.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात नामदेव, त्याचा धाकटा भाऊ शंकर आणि त्यांचा लहानपणचा दोस्त मी, असे हिमालयातल्या राष्ट्रीय उद्यानात हिमनदी पाहायला गेलो. खूळ नामदेवचंच. शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणायचा, "पोरायले बर्फाची नदी सांगतो, अन् मीच पाह्यली नाही!" जंगलखात्याच्या वाटाड्यानं बजावलं होतं, माझ्या पावलावर पाऊल ठेवा. पण शंकर कसला ऐकतो! बाजूला सरकला, मऊ बर्फात गुडघ्याएवढा रुतला आणि हसत सुटला. मी ओरडलो, "अबे, धुऱ्यावरून चाल ना!" धानाच्या दोन बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, धुरा म्हणजे बांध असतो, तसा उंचवटा समोर सरळ गेला होता. आम्ही धानवाले, खोलगट तो चिखल, उंच ते पक्कं, एवढंच आम्हाला कळतं. शंकर त्यावर चढला आणि... बर्फ फुटला. खाली मोठी भेग होती. आतून त्याचा आवाज आला, "दादा, इथं पानी वाहून राह्यलं." आम्ही दोर सोडला. पुन्हा आवाज आला नाही.

परतताना गाडीत नामदेव म्हणाला, "मायले सांगीन, मीच म्हटलं धुऱ्यावरून चाल."

"काहून?"

"मी पोटचा हाव. मले माफ करन. तुले नाही करणार."

मी गप्प बसलो. भित्रा होतो, दुसरं काय!

मायनं त्याला माफ केलं नाही. वर्षानुवर्षं एका घरात राहून त्याच्याशी बोलली नाही, नुसतं ताट सरकवायची. मी गेलो की मात्र "आला का बापू" म्हणत स्वतः वाढायची. नामदेव समोर मान खाली घालून जेवायचा. बांधीत पाणी सोडलं की त्याला तो आवाज सोसत नसे, उठून घरी यायचा. मला तर तो घरातही ऐकू येतो.

तेरवीला मायनं मला जवळ बसवलं. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "दोनी गेले. आता तूच माहा पोरगा." मी भात गिळत राहिलो.

नामदेवच्या खोलीत रविवारचा पेपर अजून येतो. मायला वाचता येत नाही. त्याची बायको पुरवणी तिला वाचून दाखवते. म्हणून या पुरवणीतच लिहितोय... माय, शंकरले धुऱ्यावर म्या चढवलं. नामदेवनं नाही.