कप्प्यावरचं नाव

नेरच्या बसस्टँडमागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आई गेल्यापासून दिवसभरात मी सगळ्यात जास्त बोलते ती माझ्याच एका स्क्रिप्टशी. विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली म्हणजे लिनक्स; तिच्यावर लिहिलेली ही स्क्रिप्ट कुठलीही डिस्क जोडली की तिच्यातले कप्पे, म्हणजे पार्टिशन, कोणत्या प्रकारचे आहेत ते सांगते. निदान बोलताबोलता उठून तरी जात नाही.

लग्नसराईत बोरी अरब गावाकडच्या तांड्यावरून एक गृहस्थ बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन आले. बंजारा नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. त्यांच्या बायकोने आजारपणात तो लेकीसाठी ह्याच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवला होता, आणि मग बायको गेली.

"परवा पोरीचं लगन हाये, ताई. तिले मायचाच ढावलो म्हणाचा हाये. निंघन का ह्याच्यातून?"

स्क्रिप्ट म्हणाली, विंडोजचा कप्पा आहे, उघडत नाही, बहुतेक खराब. मी तिला चांगलं झापलं. पुन्हा तेच! गृहस्थ बाकावर बसून माझ्याकडे बघत होते. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून चहा टाकायला आत गेले.

आत अजून आईचेच डबे आहेत. त्यांच्यावर तिच्या हातची नावं, पण खाणारी मी एकटी, त्यामुळे कशातही काहीही भरते. साखरेसाठी 'रवा' लिहिलेला डबा उघडला आणि तशीच बाहेर धावले. माझी स्क्रिप्ट नुसतं वरचं नाव वाचत होती! मी तिला कप्प्याच्या आतली खूण तपासायला लावली. आत लिनक्स निघालं. कुणीतरी विंडोज पुसून ते टाकलं होतं आणि वरचं नाव बदलायचं राहून गेलं होतं.

आता कप्पा उघडला, रेकॉर्डिंग सापडलं आणि आवाज सुरू झाला. बाई गाता गाता थांबून बंजारा बोलीत काही बोलली.

"काय म्हणून राह्यल्या त्या?" मी विचारलं.

"म्हणते, घाई नको करू. पयले नीट गळ्यात पड." मग ते रुमाल शोधू लागले. जाताना म्हणाले, "लग्नाले या लागते बरं, ताई."

मी लग्नाला गेले. नवरी आईच्याच चालीत गात होती. आत्या झाली, मैत्रिणी झाल्या, बाप झाला. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. तिला कुणी काय सांगितलं होतं कुणास ठाऊक, पण ती माझ्यापर्यंत आली आणि अजिबात घाई न करता माझ्या गळ्यात पडली. शब्द मला कळत नव्हते. आई गेल्यापासून मला कुणी असं धरलं नव्हतं.

गाणं संपलं, गाडी सुरू झाली. शेवटी तिच्या मावशीनेच माझे हात सोडवले.